माळ्यावरचें दप्तर आणि गांवचा इतिहास

विजयादशमीस कोंकणांतील कित्येक जुन्या घरांतून सरस्वतीच्या पाटीशेजारीं घरचें जुनें दप्तरही पूजेस मांडण्याचा परिपाठ होता; कांहीं घरांतून तो अद्यापि आहे. रुमालांत बांधलेलें तें गांठोडें पाटावर येतें, त्यावर हळदकुंकू, फूल आणि आपट्याचें पान पडतें व दुसरे दिवशीं तें पुनः माळ्यावर जातें. रुमालाची गांठ मात्र कोणी सोडीत नाहीं. सोडून उपयोगही नसतो. कारण आंतील अक्षर वाचणारें माणूस घरांत उरलेलें नसतें. पूजा होते, वाचन होत नाहीं. आमच्या इतिहासभक्तीचें याहून नेमकें चित्र क्वचितच सांपडेल!

आज आम्ही वाचकांपुढें मांडणार आहों तो विषय या गांठोड्याचाच आहे. विवेचन नुसतें हवेंत राहूं नये म्हणून पेण आणि रोहें हे दोन गांव व त्यांचा परिसर आम्ही डोळ्यांपुढें धरिला आहे. पूर्वींच्या कुलाबा व १९८१ पासून रायगड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यांतील हे गांव. एक भोगावतीच्या कांठचा, दुसरा कुंडलिकेच्या. या मुलुखाच्या इतिहासाविषयीं कोणी विचारलें तर आम्ही थोर पुरुषांचीं नांवें सांगून मोकळे होतों. आचार्य विनोबा भावे १८९५ सालीं पेण तालुक्यांतील गागोदें येथें जन्मले. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचें बालपण रोह्याशीं निगडित. पांडुरंगशास्त्री आठवले यांचा जन्म १९२० सालीं रोह्याचाच. हीं नांवें भूषणास्पद आहेत यांत शंका नाहीं. परंतु थोरांच्या जन्मस्थळांची यादी म्हणजे गांवचा इतिहास नव्हे. गांव कसा वसला, कोणीं बांध घातला, कोणीं शेत कसलें, कोणाचें कर्ज कोणावर होतें, दुष्काळांत काय खाल्लें, या प्रश्नांचीं उत्तरें त्या न सोडलेल्या गांठींत आणि न विचारलेल्या वृद्धांच्या आठवणींत आहेत.

दप्तर कां मिटलें?

आमच्या पूर्वजांनीं हे कागद जपले ते इतिहासप्रेमानें नव्हे, ही गोष्ट प्रथम स्पष्ट समजून घेतली पाहिजे. सनद, निवाडा, महजर, कतबा, जमाखर्चाची वही हीं त्यांचीं शस्त्रें होतीं. वतनाचा तंटा उपस्थित झाला कीं ज्याच्या दप्तरांत जुना कागद त्याची बाजू बळकट. म्हणून आग लागली तर दागिन्यांच्या डब्याबरोबर दप्तराची पेटीही बाहेर काढीत. पुढें १९४९ व १९५० च्या कायद्यांनीं खोती गेली, परगणे व कुळकर्णी वतनें गेलीं आणि या शस्त्रांची धार एका दिवसांत नाहींशी झाली. त्याच सुमारास मोडी लिपीही शाळांतून मावळली. मुंबई इलाख्याच्या सरकारनें कारभारांत बाळबोधीस अग्रस्थान १९१७ सालींच दिलें होतें. तरी घरगुती पत्रांत व हिशेबांत मोडी आणखी एक पिढी टिकली आणि मग तीही गेली. एकाच पिढींत कागदाचा उपयोग संपला व अक्षराची ओळखही संपली! असें दुहेरी संकट आलें म्हणजे दप्तर माळ्यावर जातें यांत नवल तें काय?

माळ्यावर तरी तें सुरक्षित राहतें काय? कोंकणांतील चार महिन्यांची ओल, वाळवी आणि कसर यांना कोणी सांगावें लागत नाहीं. काजळाची जुनी शाई शेंकडों वर्षें उडत नाहीं, पण पाणी लागलें कीं पसरते. जुलै २००५ च्या अतिवृष्टींत या जिल्ह्यांतील नद्यांचें पाणी लोकांच्या घरांत शिरलें, तेव्हां भांडींकुंडीं वाळलीं. भिजलेला कागद कसा वाळावा? शिवाय काळही पालटला आहे. १९९३ सालीं रोह्यापासून वीरपर्यंत कोंकण रेल्वे सुरू झाली. रोह्याजवळ धाटावची औद्योगिक वसाहत उभी राहिली. पेण मुंबईच्या अंगणांत आली. भावंडें पुण्यामुंबईस व परदेशीं पांगलीं, वाडे विकले गेले, तेथें सदनिकांच्या इमारती झाल्या. वाडा उतरवितांना सागवानी तुळई आणि कोरीव खांब यांना गिऱ्हाईक मिळतें. दप्तराला मिळत नाहीं. तें रद्दीच्या गाडीवर जातें.

सहा कुलुपांची पेटी

यावर कोणी म्हणेल कीं, इतिहास लिहिणें हें पंडितांचें काम. पुण्यामुंबईचे विद्वान् तें पाहून घेतील. पेण-रोह्याच्या परिसरावर नुसती नजर टाकली तरी हा भ्रम दूर होईल.

रोह्याहून तळ्याच्या वाटेनें राजपुरीच्या खाडीकडे गेलें म्हणजे कुडें येथें सव्वीस बौद्ध लेणीं लागतात. तेथील लेख ब्राह्मी लिपींत व प्राकृत भाषेंत आहेत. पंडित भगवानलाल इंद्रजी आणि बर्जेस यांनीं ते १८८१ सालीं प्रसिद्ध केले. त्यांत महाभोजांच्या राजकुळाप्रमाणेंच माळी, लोखंडाचा व्यापारी, वैद्य अशा साध्या माणसांचीं दानें नोंदलेलीं आहेत. आमच्या वाचकभगिनींस विशेष वाटावें असें एक नांव त्यांत आहे. अयितिलु नामक ब्राह्मण उपासकाची पत्नी, भयिला नांवाची ब्राह्मण गृहिणी, हिनें तेथें चैत्यगृह दान दिलें. सुमारें अठराशें वर्षांपूर्वीं या खाडीच्या कांठीं एक ब्राह्मण कुटुंब बुद्धाचें उपासक होतें, आणि दान घरच्या बाईच्या नांवें लागलें! आपल्या कुळाचाराविषयींच्या कित्येक पक्क्या समजुती ही एक ओळ हालवून सोडते.

तेथून अलिबागेकडे वळलें कीं अक्षी येथें शिलाहारकाळचा मराठी शिलालेख आहे. डॉ. शं. गो. तुळपुळे यांनीं त्यावरील वर्ष शके ९३४, म्हणजे इसवी सन १०१२, असें वाचलें. इतर अभ्यासकांनीं त्या वाचनास हरकत घेऊन लेख पुढच्या काळांत नेला. चौल-रेवदंडा येथें पोर्तुगीज १७४० पर्यंत नांदले. पेणजवळचा सांकशीचा किल्ला १५४० च्या सुमारास गुजराथचा सुलतान, निजामशहा आणि पोर्तुगीज यांच्या झगड्यांत सांपडला. त्या हकीकतींस फारशी व पोर्तुगीज साधनें पाहिजेत. आंग्र्यांचें संस्थान इंग्रजांनीं १८४० सालीं खालसा केलें. तेव्हांपासूनचा कारभार इंग्रजींत आहे, आणि कुलाबा-जंजिऱ्याचें गॅझेटियर १८८३ चें. आंग्रे घराण्याचा दा. गो. ढबू यांनीं लिहिलेला ‘कुलाबकर आंग्रे सरखेल’ हा ग्रंथ १९३९ चा. आणि या सर्वांच्या मध्यें घरोघरची मोडी!

प्राकृत, संस्कृत, फारशी, पोर्तुगीज, मोडी मराठी आणि इंग्रजी. ही सहा कुलुपांची पेटी आहे. सहाही किल्ल्या एकाच्या खिशांत असणें शक्य नाहीं. त्यांतही दूरच्या विद्वानाजवळ एक सातवी किल्ली कधींच नसते. ती म्हणजे गांवची माहिती. कागदांतील ‘मौजे अमुक येथील थोरला बांध’ कोणता, हें ज्यानें तो बांध तुडविला आहे त्यालाच सांगतां येतें. म्हणून पंडितास गांवकऱ्यावांचून गत्यंतर नाहीं, आणि गांवकऱ्यास पंडितावांचून नाहीं. मंडळ हवें तें याकरितां.

आमच्या आजोबांनीं काय केलें?

ही कल्पना नवी नव्हे. १८७८ सालीं काशीनाथ नारायण साने, जनार्दन बाळाजी मोडक आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनीं पुण्यांत ‘काव्येतिहाससंग्रह’ हें मासिक काढलें. घरोघरच्या बखरी व पत्रें छापून वाचकांपुढें ठेवणें हें त्याचें काम. तेव्हां ना अनुदान होतें, ना विद्यापीठाचें पाठबळ. पुढें वासुदेवशास्त्री खरे यांनीं मिरजेस बसून पटवर्धनी दप्तराचा ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ काढला. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं गांवोगांव हिंडून ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ यांचा पहिला खंड १८९८ सालीं प्रसिद्ध केला आणि १९१० च्या ७ जुलैस खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांच्यासह भारत इतिहास संशोधक मंडळाची पुण्यास स्थापना केली.

पुणें मोठें शहर, तेथें सर्व कांहीं होतें, असें कोणी म्हणूं नये. धुळें हें पुणें नव्हे. तेथें शंकर श्रीकृष्ण देव यांनीं १८९३ सालीं सत्कार्योत्तेजक सभा स्थापून रामदासी वाङ्मयाचीं हस्तलिखितें गोळा केलीं. १९२६ च्या ३१ डिसेंबरास राजवाडे त्याच गांवीं निवर्तले, तेव्हां धुळेकरांनीं दहा-पंधरा दिवसांच्या आंत त्यांच्या नांवें संशोधन मंडळ उभें केलें आणि त्यांचे कागद संभाळले. जिल्ह्याच्या गांवांत हें झालें तें वकील, शिक्षक व व्यापारी यांच्या हातून.

एका घरच्या रुमालांत केवढें सामर्थ्य असतें याचें उदाहरण सर्वांस ठाऊक असावें. भोरजवळ कारी येथील जेधे देशमुखांच्या घरीं एक शकावली होती. ती लोकमान्य टिळकांच्या हातीं आली व भारत इतिहास संशोधक मंडळाच्या द्वारें १९१६ सालीं प्रसिद्ध झाली. तींत शिवछत्रपतींचा जन्म शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, असा दिला आहे. तोंवर दुसरीच तिथि रूढ होती. पुढें अनेक वर्षें वाद झाला, नवीं साधनें निघालीं, आणि आज महाराष्ट्र सरकार शिवजयंती पाळतें ती त्याच तारखेस. जेध्यांनीं तो कागद बाहेर काढिला नसता तर?

अडचण कागदाची नव्हे, मनाची

मग पेण-रोह्यांतील कागद बाहेर कां येत नाहींत? आमच्या मतें खरी अडचण तीन प्रकारची आहे, आणि तिन्ही प्रकार आमच्याच घरांत वास करितात.

पहिली भीति. कागद दाखविला तर जमिनीचा कांहीं दावा उपस्थित होईल असें वडीलधाऱ्यांस वाटतें. ज्या हक्कांचे ते कागद, ते हक्क कायद्यानें कधींच संपले. तरीही एखाद्या कागदाविषयीं शंका असेल तर तेवढा वकिलास दाखवावा, पण त्या एकासाठीं शंभर कागद कुजवूं नयेत.

दुसरा अभिमान. ‘आमच्या घरचें आम्ही पाहूं’ असें चार भाऊ चार शहरांतून म्हणतात, आणि पाहत कोणीच नाहीं.

तिसरी गोष्ट नाजूक आहे, परंतु ती बोलल्यावांचून हा लेख खरा होणार नाहीं. ती लाज. या दप्तरांत आमच्या घराण्यांच्या सनदा आहेत, तशा कुळांच्या कबुलायती व कर्जखतेंही आहेत. कोणाचें शेत कसें गहाण पडलें, कोणाकडून किती वेठ घेतली, हें आमच्याच पूर्वजांच्या हस्ताक्षरांत लिहिलेलें आहे. याच जिल्ह्यांत चरी येथें १९३३ सालीं नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखालीं कुळांनीं शेती न करण्याचा संप पुकारला आणि तो १९३९ पर्यंत चालला. अलिबाग तालुक्यांतील ही घटना साऱ्या कुलाब्यांतील खोतांच्या घरांत ऐकूं गेली होती. असे कागद बाहेर आले तर लोक काय म्हणतील, असें मनांत येतें. आम्ही म्हणतों, लोकांस तें ठाऊकच आहे. ज्यांनीं सोसलें त्यांच्या घरांत तें सांगितलें जात आहे. लपविलें तर आमची बाजूही कोणास कळणार नाहीं, आणि त्यांच्या सांगण्यास लेखी आधार मिळणार नाहीं. पूर्वजांचा मान राखणें म्हणजे त्यांच्या वहीचीं गैरसोयीचीं पानें फाडणें नव्हे.

मंडळांत कोण बसावें?

यावरून दुसरी गोष्ट ओघानेंच येते. हें मंडळ दप्तरवाल्या घरांचेंच झालें तर तें लंगडें होईल. पेणच्या खारेपाटाचेंच उदाहरण घ्या. समुद्राचें खारें पाणी अडवून तेथें भातशेती केली गेली. बाहेरचा मोठा बांध संभाळणारा तो शिलोत्रदार. त्याबद्दल त्याला शेतकऱ्यांकडून धान्याच्या रूपानें हक्क मिळे. पुढें खारजमिनींसाठीं १९४८ सालीं सरकारनें स्वतंत्र कायदा केला. शिलोत्रदाराच्या वहींत धान्याचा आंकडा सांपडेल. पण भरतीच्या रात्रीं बांधाला खांड पडली म्हणजे चिखलांत उभे राहून ती कशी बुजवीत, माती कोठून आणीत, हें आगरी शेतकऱ्यांच्या घरांतच कळेल. तीच गोष्ट गणपतीची. पेणचा गणपति महाराष्ट्रभर पूजेस बसतो. पेण शहर, हमरापूर, जोहें येथील कारखान्यांतून मूर्ति देशोदेशीं जातात. सांचा कोणाचा, रंग पूर्वीं कशाचे, घरांतील स्त्रियांनीं कोणतें काम केलें, होडीनें मूर्ति मुंबईस नेत तेव्हां त्या कशांत बांधीत, हें कारागीर वृद्ध आहेत तोंच विचारलें पाहिजे. आगरी लग्नांत धवळे गाणाऱ्या धवलारणी, कुंडलिकेच्या खाडींतले कोळी, डोंगरांतले कातकरी यांच्या स्मरणांतील इतिहासास मोडीची गरज नाहीं, ऐकणाऱ्याची आहे. या मंडळींस ‘माहिती देणारे’ म्हणून ओटीवर बसवून परत पाठवूं नये; सभासद म्हणून सतरंजीवर जागा द्यावी.

आणि आमच्या घरांतील आजी, काकू, मामी? दप्तरांत त्यांचीं नांवें जवळजवळ नसतातच. असलीं तर बहुधा ‘मातोश्री’ एवढीच नोंद. कोणत्या मुलीचें लग्न कोणत्या गांवीं झालें, कोणती विधवा माहेरीं कशी राहिली, श्रावणांतले नेम कोणते, आजारांत कोणता काढा, ही सारी वही त्यांच्या तोंडी आहे. ती उतरवून घेण्याचें काम घरच्या सुनांमुलींनीं करावें. दुपारच्या निवडण्या-टिपण्याच्या वेळीं तें जितकें सहज होतें तितकें सभेंत होत नाहीं.

काम कसें चालवावें?

पैसा फारसा लागत नाहीं, शिस्त लागते. आमच्या सूचना अशा:

मूळ कागद ज्याचा त्याच्याच घरीं राहावा, हा पहिला नियम. तो पाळला तर अर्धी भीति जाते. कागद मऊ ब्रशानें झटकावा, सावलींत वाऱ्यावर ठेवावा, कडक उन्हांत घालूं नये. फाटला म्हणून चिकटपट्टी लावूं नये आणि मोठ्या हौसेनें प्लास्टिकमध्यें मढवूंही नये. त्यांतून तो पुनः मोकळा करतां येत नाहीं. कामासाठीं दिवाळीनंतरचे कोरडे महिने उत्तम.

प्रत्येक कागदाचें दोन्ही बाजूंनीं छायाचित्र घ्यावें. आजकाल प्रत्येक खिशांत त्याचें यंत्र आहे. छायाचित्राला क्रमांक द्यावा व वहींत लिहावें कीं हा कागद कोणत्या घरचा, कोणत्या रुमालांतला, त्याच्या वरखालीं कोणते कागद होते. ही नोंद नसेल तर कागदाची किंमत निम्मी होते. प्रती तीन ठिकाणीं ठेवाव्या. एक घरीं, एक मंडळांत, एक गांवाबाहेर.

मोडी शिकणें वाटतें तितकें कठीण नाहीं. राज्य सरकारचें पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतें. दोन गांवांतील दहा तरुण नेमानें एक हिंवाळा बसले तर सोपीं पत्रें लागूं लागतील. कालगणनाही शिकून घ्यावी. सुहूर सनांत ५९९ मिळविले कीं मृगाच्या सुमारास सुरू होणाऱ्या त्या वर्षाचा आरंभ इसवी सनांत मिळतो. जानेवारीनंतरच्या तारखेस ६०० मिळवावे. यंत्राकडून मोडी वाचून घेण्याचे प्रयोगही हल्लीं सुरू झाले आहेत, त्यांचें स्वागत असो. परंतु कागद कोणत्या घरच्या कोणत्या पेटींतला, हें यंत्रास आम्हींच सांगावें लागेल.

शेवटचा नियम सर्वांत अवघड आहे. कोणताही लेख दोघांनीं स्वतंत्रपणें वाचावा आणि दोन्ही वाचनें मंडळापुढें ठेवावीं. मतभेद झाला तर वडील म्हणून एकाचें खरें मानूं नये. अक्षीच्या शिळेवरील वर्षावर नामांकित पंडितांचें एकमत होत नाहीं, तेथें आमच्या तात्यांचें वाचन चुकलें तर बिघडलें काय? ज्या मंडळांत पंचवीस वर्षांची मुलगी सत्तर वर्षांच्या काकांस ‘येथें ‘न’ नसून ‘त’ आहे’ असें म्हणूं शकते आणि काका भिंग घेऊन पुनः पाहतात, तें मंडळ टिकेल. जेथें हें होत नाहीं तें वार्षिक हारतुऱ्यांचें स्थान होईल, विद्येचें नव्हे. आमच्याकडच्या कित्येक संस्था मतभेदानें मोडल्या नाहींत. मतभेद कसा करावा हें न कळल्यानें मोडल्या.

इंग्लंडांत १८९९ सालीं ‘व्हिक्टोरिया काउंटी हिस्टरी’ नांवानें परगण्यापरगण्याचा इतिहास लिहिण्यास प्रारंभ झाला. सव्वाशें वर्षें होत आलीं, काम अद्याप पुरें झालेलें नाहीं, आणि त्याचें कोणास वैषम्य वाटत नाहीं; विद्वानांच्या देखरेखीखालीं गांवोगांवचे हौशी लोक अजून कागद वाचीत आहेत. आमचेंही काम एका पिढीचें नव्हे. पण आरंभ याच पिढीनें केला पाहिजे. ज्यांना मोडी वाचतां येते, ज्यांनीं खोतीचे व बांधाचे दिवस डोळ्यांनीं पाहिले, तीं माणसें आज नव्वदीच्या घरांत आहेत. कागद एखादे वेळीं आणखी दहा वर्षें टिकेल; माणसें थांबणार नाहींत.

तेव्हां प्रत्येक कुटुंबास आमची विनंती एवढीच. येत्या सुटींत घरचीं पांगलेलीं भावंडें एकत्र जमतील, तेव्हां त्यांतील एकानें तें गांठोडें खालीं उतरवावें, एकानें प्रत्येक कागदावर क्रमांक घालावा, आणि सर्वांत वडील जें माणूस असेल त्याच्याजवळ बसून एकानें विचारावें, ‘आजोबा, हा कागद कशाचा?’ उत्तर येईल तें तारखेसह लिहून ठेवावें. मंडळाची पहिली सभा तीच.